पोलवर हात घसरतोय? ग्रिपची बाटली घेण्याआधी हे तपासा

जुलैतल्या एका रविवारी दुपारपर्यंत तिघींचे निरोप आले आणि तिघींचं म्हणणं एकच, पोल डान्सच्या पोलवर हात टिकत नाहीये. एक डोंबिवलीची, घरच्या बेडरूममध्ये पोल लावून सराव करणारी. दुसरी ठाण्याची, माझ्याकडेच शिकते. तिसरी पुण्याची, तिनेही नुकताच घरी पोल घेतलाय. पुढचा प्रश्नही तिघींचा एकच होता, "ताई, कुठली ग्रिप घेऊ?"

पकड या अर्थाचा हा शब्द आमच्या पोलवाल्यांच्या बोलण्यात आता हाताला लावायच्या बाटलीचं नाव होऊन बसलाय. घसरलं की बाटली, तरी घसरलं की दुसरी बाटली. माझ्याकडेही एका डब्यात अशा अर्ध्या वापरलेल्या सहा बाटल्या आहेत, त्यामुळे मला कुणाला हसायचा अधिकार नाही. पण त्या दिवशी मी तिघींना सांगितलं की आज काही विकत घेऊ नका, मी सांगते ते आधी करून बघा. तिघींचं दुखणं तीन वेगळ्या जागी निघालं. त्यातल्या एकीचा तर हात घसरतच नव्हता.

हात घसरतोय की पोल फिरतोय?

हात न घसरणारी ती पुण्याची. घरी लावायचे बरेच पोल दुहेरी असतात. स्टॅटिकवर ठेवला की स्थिर राहतो, स्पिनवर टाकला की बेअरिंगवर फिरतो. स्टॅटिक करायला खालच्या भागातले छोटे स्क्रू एलन कीने आवळावे लागतात. हिने ते एकदा आवळले आणि विसरली. हळूहळू सैल झाले. आता ती लटकली की पोल इंचभर फिरायचा, तिला वाटायचं हातच सरकला, आणि घाबरून ती अजून जोरात आवळायची.

हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. व्हाइटबोर्डच्या मार्करने पोलवर एक टिंब आणि त्याच्या बरोबर खाली बैठकीवर दुसरं टिंब काढा. दोन्ही हातांनी धरून, पाय जमिनीजवळ ठेवून लटका, थोडा पीळ द्या. टिंबं एका रेषेत राहिली तर पोल निर्दोष आहे. सरकली तर स्क्रू आवळा, आणि मगच पुढचं वाचा.

त्याच वेळी पोल सरळ उभा आहे का तेही बघून घ्या. गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम, नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा. दाबावर उभे राहणारे पोल छत आणि जमीन यांच्यामध्ये केवळ ताणाने टिकतात. वर आरसीसीचा स्लॅब असेल तर काळजी नाही. वर पीओपीचं खोटं छत असेल तर तिथे पोल लावायचाच नाही, मग ते कितीही भक्कम वाटो. खालची लादी बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजली तर दुसरी जागा शोधा. घरगुती पोल साधारण सव्वादोन ते पावणेतीन मीटर उंचीपर्यंत जातात. पावणेतीन मीटर म्हणजे ९ फूट. जुन्या इमारतींमध्ये छत त्याच्याही वर असतं, तिथे त्याच कंपनीचा जोडतुकडा घ्यावा लागतो. खाली लाकडी ठोकळा किंवा पाट सरकवून उंची भागवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या नशिबावर मला बोलायचं नाही.

आणि एक, मनापासून. रेलिंगवाल्याकडून स्टीलचा पाइप कापून आणून पोल करू नका. रेलिंगचा पाइप टेकायला केलेला असतो. त्यावर एखादं माणूस उलटं होऊन झोके घेईल असा विचार करून त्याचा पत्रा कुणी निवडलेला नसतो. तो मधोमध वाकतो, आणि वाकताना आवाज करत नाही.

पोलवर पडलेलं दव

डोंबिवलीच्या मुलीची अडचण मला फार आवडली, कारण ती ओळखायला मलाही दोन पावसाळे लागले होते. ती म्हणाली, पोल स्पिरिटने पुसला, हात धुतले, कोरडे केले, तरी पाचव्या मिनिटाला पोल ओला. तिला वाटत होतं तिच्या तळव्यांना घाम फार येतो.

मी विचारलं, सरावाआधी काय करतेस? म्हणाली, रात्रभर एसी असतो, सकाळी बंद करते, खिडकी उघडते, मॅट घालते, सुरू करते.

तिथेच उत्तर आहे. रात्रभर २३ अंशांवर एसी चाललेल्या खोलीत पोलचं धातूही २३ अंशांवर येतं. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमणारच. फ्रिजमधून काढलेला पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तसाच पोल. खिडकी उघडल्याक्षणी तो घाम गाळायला लागतो, आणि तो घाम तुमचा नसतो.

यावर दोनच मार्ग. एक तर एसी चालू ठेवूनच, खिडक्या बंद करून सराव करा. एसी हवेतलं पाणी काढतो, त्यामुळे बंद खोलीत पोल थंड असला तरी त्यावर दव पडत नाही. किंवा एसी न लावता, पंख्यावर, खोलीच्या तापमानाला आलेल्या पोलवर करा. मधलं काही नको. तिने दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद ठेवली. एवढंच.

स्टुडिओतही हेच होतं. सकाळच्या पहिल्या बॅचला सारखं दार उघडझाप होत असेल तर दाराजवळचा पोल सर्वांत निसरडा. जुन्या मुली मुकाट्याने आतला पोल पकडतात आणि नवीन मुलीला दाराजवळचा मिळतो. नवीन मुलीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

हिवाळ्यात गणित उलटं. माझी मामेबहीण टोरांटोजवळ राहते. तिथे जानेवारीत हीटरची हवा इतकी कोरडी की तळवे कागदासारखे होतात, आणि बाहेरच्या भिंतीजवळचा पोल बर्फासारखा गार. गार धातूवर कोरडी कातडी टिकत नाही. पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे याचा थोडा नमुना मिळतो. पोल कोरड्या टॉवेलने जोरात घासून घासून गरम करायचा, अंग नीट तापवायचं, मग सुरुवात.

चंपी आणि इतर संशयित

ठाण्याच्या मुलीचा पोल स्टुडिओतला, म्हणजे रोज पुसला जाणारा, तिचा हातही कोरडा. पण ती पोलवर गेली की तिच्यानंतर त्याच पोलवर जाणाऱ्याही घसरत होत्या. म्हटलं, बाळा, शनिवारी आईने डोक्याला तेल लावून दिलं होतं का? दिलं होतं. खोबरेल, भरपूर. वेणी पाठीवर. ती इन्व्हर्ट करताना, म्हणजे पोलवर उलटी होताना, वेणी आणि मानेचा मागचा भाग पोलला घासून जात होता, आणि ती पोलला उभ्या रेषेत तेल लावून ठेवत होती.

तेलाची खरी अडचण ही की ते दिसत नाही. पांढरा टिश्यू पेपर स्पिरिटमध्ये भिजवून पोलवर वरून खाली एकदाच ओढा आणि बघा. करडा डाग आला तर जुनी धूळ आणि ग्रिपचा थर. पिवळट, पारदर्शक, ओशट डाग आला तर तेल. संशयितांची यादी आपल्याकडे मोठी आहे. डोक्याचं तेल, अंगाला लावायचं लोशन, सनस्क्रीन, मेंदी चढावी म्हणून लावलेलं निलगिरीचं तेल, दिवाळीतलं अभ्यंग, वॅक्सिंगनंतर चोळतात ते तेल, आणि पोळ्या लाटून सरळ क्लासला आलेलीच्या बोटांवरचं तूप. सरावाच्या आदल्या दिवसापासून मांड्या, पोटऱ्या, काखेजवळचा भाग आणि हात यांना काही लावायचं नाही. तेलाचे केस असतील तर अंबाडा घालून वर रुमाल घट्ट बांधा. हात धुवायला भांड्यांचा साबण वापरा. ओशटपणा काढण्यासाठीच तो केलेला असतो.

पोल पुसायला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरचं फडकं, एवढं पुरतं. ते पेट घेतं, तेव्हा देवघरातला दिवा किंवा उदबत्ती त्याच खोलीत जळत असेल तर आधी ती आवरा. करोनाच्या काळातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नका. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, आणि ते पोलवर चिकट-निसरडा थर सोडतं. ही चूक माझी स्वतःची आहे. आठवडाभर मी रोज मन लावून पोलवर ग्लिसरीन चढवत होते.

पितळी पोल असेल तर दोन गोष्टी अधिक. अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा पितळेला चालत नाही. आणि तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू यांच्या जवळपासही पोलला नेऊ नका. समईसारखा लखलखीत पोल बघायला छान, पण पकडीला बरा तो जरा काळवंडलेलाच. घरातली ज्येष्ठ मंडळी प्रेमाने घासून ठेवतात, त्यांना वेळीच सांगून ठेवा.

धातूचा प्रश्न

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी दोन परिच्छेदांत आवरते. क्रोमचा मुलामा दिलेला पोल सगळीकडे मिळतो, गुळगुळीत असतो, घामट हाताला सर्वांत कमी दाद देतो. पितळ दमट हवेत जास्त धरतं, म्हणून समुद्राजवळच्या गावांत पितळेचे चाहते भेटतात. पावडर कोटिंगचा पोल सर्वांत जास्त धरतो आणि तितकीच कातडी सोलतो. सिलिकॉनचा पोल कपड्यांवर करायचा, उघड्या कातडीवर नाही. जाडी ४५ मिमी घ्या. स्पर्धांचे पोलही त्याच मापाचे असतात. जुने ५० मिमीचे पोल स्वस्तात मिळतात, पण लहान तळव्याची बोटं त्याच्याभोवती पुरत नाहीत आणि मग घसरण्याचं खापर कातडीवर फुटतं.

खोट्या दागिन्यांनी कानाची पाळी खाजते अशा बायकांनी एक लक्षात ठेवा. तो बहुतेकदा निकेलचा त्रास असतो. क्रोमच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो आणि स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असतं. सराव झाल्यावर मांडीवर निळं पडणं नेहमीचं आहे, दाबल्याने होतं, आठवड्यात जातं. पण लाल पुरळ, खाज, बारीक फोड आले तर ते दाबल्याचं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि पोलचं धातू बदलायचा विचार करा.

आता बाटली

हे सगळं झाल्यावरही घसरत असेल तर मग बाटलीकडे येऊ. पण बाटल्या दोन विरुद्ध जातींच्या आहेत, आणि बहुतेक जणी नेमकी चुकीची घेतात.

कातडीची गंमत अशी की ती अगदी कोरडी असली तर घसरते, चिंब असली तरी घसरते. मधे, किंचित दमट असताना ती सर्वांत जास्त धरते. नोटा मोजताना बोट ओलं करतो त्याचं कारण हेच. दमट कातडी मऊ होते आणि पृष्ठभागाला जास्त चिकटून बसते. पाण्याचा थर तयार झाला की मात्र कातडी त्या थरावर तरंगायला लागते.

तेव्हा आधी तुमची जात ओळखा. अंग तापल्यावर, म्हणजे वॉर्मअपच्या दहाव्या मिनिटाला, हात धुवून पुसा आणि टिश्यू पेपरचा तुकडा मुठीत अर्धा मिनिट धरा. ओला झाला तर तुम्ही घामट. तसाच खडखडीत बाहेर आला आणि तळवा चमकतोय, बोटांच्या टोकांना सुरकुत्या दिसतात, तर तुम्ही कोरड्या.

घामट हाताला कोरडं करणारं हवं. ड्राय हँड्ससारखं द्रव किंवा अल्कोहोलमध्ये कालवलेला पातळ खडू, म्हणजे लिक्विड चॉक. वाटाण्याएवढं घ्या, चोळा, आणि पूर्ण सुकेपर्यंत थांबा. थांबायचा धीर नसतो म्हणून अर्ध्या जणींना ते लागू पडत नाही. कोरड्या कातडीला ओलावा किंवा चिकटपणा देणारं हवं. आयटॅकसारखा मेणाचा लेप किंवा पाण्याचा बारीक फवारा. लोकांच्या घरात असतोच तो दाढीचा फेस, तोही मांड्या-पोटऱ्यांवर चोळून सुकवला की काम करतो. कोरड्या हाताने खडू लावला तर हात अजून घसरतो, घामट हाताने मेण लावलं तर चिखल होतो. "अमुक बाटली भंकस आहे" असं कुणी म्हटलं की मी आधी तिचा तळवा बघते.

मल्लखांबातून आलेल्यांना राळेची सवय असते. मीही लहानपणी आधी दोरीचा आणि मग लाकडी मल्लखांब केलाय, राळेच्या वासाने मला अजून आखाडा आठवतो. पण राळ इथे नको. गुळगुळीत धातूवर तिचा पिवळा चिवट थर बसतो आणि तो काढताना मुलाम्यावर ओरखडे येतात.

हात सतत गळतातच, परीक्षेत पेपर भिजायचा, हस्तांदोलन टाळता, मोबाइलचा पडदा ओला होतो, असं असेल तर ती पोलची गोष्ट राहिली नाही. तळव्यांच्या अतिघामावर उपचार आहेत. अॅल्युमिनियम क्लोराइडची मलमं आहेत, पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याची पद्धत आहे, आणि ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. घामासोबत छातीत धडधड, हात थरथरणं, खाऊनही वजन उतरणं हे असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

मुळात धरताय कुठून?

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते. पोल स्वच्छ, हवा ठीक, कातडी ठीक, तरी घसरतं, तर चूक पकडीत आहे, आणि शंभरातल्या नव्वद जणींची चूक तीच असते. बोटांनी लटकतात.

मल्लखांबात दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांच्यापासून चालत आलेली परंपरा बघा. लाकडाला चक्क एरंडेल चोळतात. घर्षण कमी व्हावं म्हणून, नाहीतर कातडी राहणार नाही. त्या तेलकट लाकडावर माणूस अढी मारून, म्हणजे पायांचा विळखा घालून, उलटा होतो आणि टिकतो. कारण तो हाताने टिकतच नसतो. मांड्या, पोटरी, काख, पोट, जिथे जिथे अंग लाकडाला लागतं तिथून तो धरतो. आमचे सर हात सोडायला लावायचे. हात सोडून टिकलीस तर अढी, नाहीतर नुसती लोंबकळतेस. पोलला तेल लावत नाहीत, पण हे तत्त्व इथेही शंभर टक्के लागू आहे.

तर पहिली तपासणी खांद्याची. दोन्ही हातांनी पोल डोक्यावर धरून, पाय जमिनीला टेकवूनच, शरीर जड सोडा. खांदे कानांना टेकले का? टेकले असतील तर सगळं वजन मनगट आणि बोटांवर आहे. आता हात न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढा, जणू पाठीच्या खिशात घालताय. वजन काखेखालच्या, पाठीच्या स्नायूंवर येईल आणि बोटं आपोआप सैल होतील. ज्या दिवशी मुलीला हा फरक कळतो त्या दिवशी ती "अगंबाई" म्हणते, आणि त्यानंतर तिच्या घसरण्याच्या तक्रारी निम्म्या होतात. हे रोज १० सेकंदांचं, पाच वेळा. उलटं व्हायची घाई नंतर.

दुसरी तपासणी क्लाइंबची, म्हणजे पोलवर चढण्याची. पुढच्या पायाची नडगी पोलला तिरकी लागते, पाऊल आखडलेलं असतं, मागच्या पायाची पोटरी पलीकडून दाबते. पोल नडगी आणि पोटरी यांच्या चिमट्यात बसला पाहिजे. बऱ्याच जणी नुसत्या पावलांनी पोल पकडतात, माकडासारख्या. ते दोन फुटांपर्यंत चालतं. चिमटा बसलाय का ते बघायला जमिनीपासून फूटभर वर थांबा आणि एक हात हलकेच सोडा. पाय सरकले तर चिमटा नाही.

पोल सिटमध्ये, म्हणजे मांड्यांत पोल धरून बसताना, मांड्या आवळण्याआधी कातडी वर ओढून घ्या. होय, दुखतं. खाली ओढलेल्या कातडीवर बसलं तर ती आधी सरकते आणि मागून तुम्ही. लांब लेगिंग घालून पोल सिट बसत नाही म्हणून रडणाऱ्या मुलींना मी शॉर्ट्स घालायला सांगते. घरच्यांना शॉर्ट्सचं कारण समजावताना मल्लखांबातल्या लंगोटाची आठवण करून द्या. धरायला कातडीच लागते, हे आपल्याकडच्या आजोबांना लगेच पटतं. लेग हँगमध्ये, म्हणजे गुडघ्यात पोल धरून उलटं लटकताना, गुडघ्यामागच्या खळग्यात घाम साठतो, तो दर वेळी पुसा. हाताला सगळे पुसतात, गुडघ्याला कुणी विचारत नाही.

नवीन काहीही करताना आधी डोकं जमिनीपासून जेवढं जवळ ठेवता येईल तेवढं ठेवून, खाली जाड क्रॅश मॅट, म्हणजे पडलं तर लागू नये म्हणून असलेली गादी, घालून करा. योगाची चटई म्हणजे क्रॅश मॅट नव्हे. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, कंबरेचा दोरा, सगळं काढून ठेवा. पोलला ओरखडे पडतात हे सोडा, बोट अंगठीत अडकून राहतं.

"वजन कमी कर, मग घसरणार नाहीस" हे वाक्य मात्र माझ्या क्लासात बंद आहे. माझ्याकडची सर्वांत पक्की मांडीची पकड सर्वांत भरलेल्या मांड्यांच्या बाईची आहे. पोलला लागायला तिच्याकडे कातडीच जास्त आहे. ताकद वाढवा, वजनाचं तुमचं तुम्ही बघा.

घसरण्याची किंमत कोपर भरतं

या सगळ्याची घाई मी का करते, तर घसरण्याच्या भीतीने बायका मूठ गच्च आवळतात आणि महिन्या-दोन महिन्यांत कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंचे कंडरे तिथे जोडलेले असतात. कढई उचलताना, बरणीचं झाकण फिरवताना कळ येते. ती आली की दोन आठवडे लटकणं बंद, पाय आणि पोटाचे व्यायाम चालू. बरं वाटलं की लगेच पुन्हा तोच इन्व्हर्ट करायचा नाही, खांद्याच्या त्या १० सेकंदांपासून सुरुवात. बोटांत मुंग्या येत असतील किंवा महिनाभर हटत नसेल तर फिजिओथेरपिस्ट गाठा. सरावानंतर मनगट उलट्या बाजूला ताणणं आणि रबरबँड बोटांभोवती घालून बोटं बाहेर उघडणं, हे टीव्ही बघताही होतं. आम्ही सगळे मूठ मिटायचा व्यायाम करतो, उघडायचा कुणी करत नाही.

घट्टे आले की अभिमानाने फोटो काढू नका. फार जाड झालेला घट्टा एक दिवस मुळासकट सोलतो. आंघोळीनंतर मऊ असताना वज्रीने हलकेच घासा, दुसऱ्या दिवशी सराव नसेल तेव्हा रात्री झोपताना हाताला क्रीम लावा, सकाळी साबणाने धुवा.

खाण्याबद्दल थोडकंच. भरल्या पोटी उलटं होऊ नका, दोन तास जाऊ द्या. आणि संकष्टीला दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी क्लासला येऊ नका. उपाशीपोटी हात थरथरतात, थंड घाम येतो, आणि त्या घामावर कुठलीही बाटली चालत नाही. उपास मोडायचा नसेल तर तासभर आधी केळं, दूध, मूठभर शेंगदाणे खा. क्लासच्या आधीचा दुसरा चहाही टाळून बघा. कॅफिनने तळव्यांना घाम वाढणाऱ्या बऱ्याच जणी असतात. झोप कमी झालेल्या दिवशी मी स्वतः फक्त जमिनीवरचं करते.

ठाण्याच्या मुलीने माझं सगळं ऐकलं. अंबाडा, रुमाल, भांड्यांचा साबण. शिवाय, मी नको म्हटलेलं असताना मेणाच्या लेपाची डबीही घेतली. गेल्या गुरुवारी तिचा निरोप आला, "ताई, आता घसरत नाही. पण स्पिनच होत नाहीत, अर्ध्यात अडकते, आणि काखेत भाजल्यासारखं झालंय." स्टॅटिक पोलवर गिरकी घ्यायची तर हात थोडा सरकावाच लागतो. तिला लिहिलं, की गिरक्यांच्या दिवशी लेप नको, आधीचा थर पोलवरून दोनदा पुसून काढ, आणि काखेला आज रात्री खोबरेल लाव. क्लास शनिवारी आहे, तोवर धुऊन जाईल.